दिवेलागणीचं विरजण

बस शीळफाट्याला अडकली होती. मांडीवर पिशवी, पिशवीत दोन कप्प्यांचा स्टीलचा डबा. वरच्या कप्प्यात मऊ भात, खालच्यात दही. पोचल्यावर कालवायचं, आधी कालवलं की आंबतं, हे ताईनेच कधीतरी शिकवलेलं. तेवढ्यात भावोजींचा फोन आला. "दिनकर, सावकाश ये," ते म्हणाले. "आता घाई नाही." पुढचं त्यांनी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. समोर कंटेनरची रांग होती, ती हलत नव्हती. शेजारी बसलेल्या बाई म्हणाल्या, "काका, पिशवी कलंडलीय बघा, डबा सांडेल." मी पिशवी सरळ केली. बस सुटेपर्यंत, आणि सुटल्यावरही, ती दोन्ही हातांनी सरळ धरून बसलो होतो... कुणासाठी, ते कळत नव्हतं.

ताईला जाऊन आता दीड महिना होत आला. मंगल तिचं नाव, माझी थोरली बहीण. कल्याणच्या एका ज्युनिअर कॉलेजात तिने निवृत्त होईपर्यंत जीवशास्त्र शिकवलं, आणि लग्नानंतर ती ठाण्यात, कोलशेतला राहिली, भावोजींच्या कारखान्याजवळ. मी डोंबिवलीत आई-वडिलांच्या दोन खोल्यांत राहिलो तो राहिलोच. मी मुद्रितशोधक आहे. दुसऱ्यांनी लिहिलेलं वाचायचं आणि त्यातल्या चुका काढायच्या, हे माझं काम. स्वतः लिहायला बसलो की हात चालत नाही. पण कॉलेजने तिच्यावर चार ओळी छापल्या, त्या मी वाचल्या. विद्यार्थिप्रिय, मनमिळाऊ, कर्तव्यदक्ष. त्यात शुद्धलेखनाची एकही चूक नव्हती, आणि ताईही नव्हती. म्हणून लिहितो आहे.

एकदा, बऱ्याच वर्षांपूर्वी, ती घराची किल्ली आमच्याकडे विसरून गेली म्हणून मी ती द्यायला तिच्या वर्गावर गेलो होतो. तिने मला मागच्या बाकावर बसवलं आणि तास पुढे चालू ठेवला. मुलांच्या दोन रांगा समोरासमोर उभ्या होत्या. प्रत्येकाला तिने नाव दिलं होतं... कुलूप, किल्ली, खल, बत्ता. ही चारच नावं, पण रांगेत कशीही आलेली. नियम एकच. कुलपासमोर किल्लीच उभी राहणार, खलासमोर बत्ताच. "मॅडम, मी परत बत्ता?" एक उंच मुलगा कुरकुरत होता. "कालपण मीच बत्ता होतो." ताई म्हणाली, "बत्त्यावाचून खलाला कुत्रं विचारत नाही. उभा राहा." वर्ग हसला. मग तिने दोन्ही रांगांना एकमेकांपासून लांब नेलं, आणि बाकांवर बसलेल्या मुलांना म्हणाली, आता ज्याच्या समोर कोणी नाही त्याच्यासमोर जाऊन उभे राहा, पण कोण व्हायचं ते समोरच्याकडे बघून ठरवा. थोडा गोंधळ झाला, ढकलाढकली झाली, आणि एका दुहेरी रांगेच्या दोन दुहेरी रांगा झाल्या, अगदी सारख्या. "पेशी दुभंगायच्या आधी तिच्या पोटात हे होतं," ती म्हणाली. "डीएनएच्या दोन पट्ट्या सुटतात, आणि प्रत्येक पट्टी आपली हरवलेली जोडीदार पुन्हा मांडून घेते. एका पट्टीवर हे काम सरळ चालत जातं. दुसरीवर उलट्या दिशेने, तुकड्यातुकड्याने, मग ते तुकडे गोधडीसारखे जोडायचे. आता सांगा, यातली खरी जोडी कोणती आणि नक्कल कोणती?" मुलं दोन्ही रांगांकडे आळीपाळीने बघायला लागली. मग पहिल्या बाकावरची एक मुलगी हळूच म्हणाली, "मॅडम, दोन्ही अर्ध्या अर्ध्या खऱ्या." ताईचा चेहरा तेव्हा कसा उजळला होता, ते मला अजून दिसतं.

किल्ली द्यायची राहूनच गेली. घरी परत आल्यावर खिशात सापडली. ताई त्यावरून मला वर्षानुवर्षं चिडवायची, की एवढं कुलूप-किल्ली ऐकून आलास आणि किल्ली घेऊन गेलास.

पेशीने हे सगळं करायचंच कशाला, असं कोणी विचारलं की ती आमच्या काकांची गोष्ट सांगायची. साताऱ्याकडच्या आमच्या घरात वाटणी झाली तेव्हा दोन्ही काका इतके भांडले होते, की पाटा एकाकडे गेला आणि वरवंटा दुसऱ्याकडे. कोणीच मागे हटेना. दोन्ही घरांत चटणी वाटायची सोय उरली नाही. "पेशीने अशी वाटणी केली तर तिच्यातून होणाऱ्या दोन्ही लेकी उपाशी मरतील," ती म्हणायची. "म्हणून ती आधी सगळं दुप्पट करते. पाटे दोन, वरवंटे दोन. अख्खं लिहून झालं आहे का, हे तपासते. आणि मगच वेगळी होते. घाई करणारी पेशी एकतर मरते, नाहीतर मारते." हे शेवटचं वाक्य मुलांना आवडायचं. परीक्षेतल्या उत्तरातही ते तसंच लिहून यायचं, आणि ती त्याला गुण द्यायची.

आमच्या घरात दही लावायचं विरजण आईचं होतं. आईने ते गावाहून आणलं होतं म्हणे, तिच्या सासूच्या हातचं. ताई लग्न होऊन गेली तेव्हा वाटीभर विरजण तिच्याबरोबर कोलशेतला गेलं. आई आजारी होती त्या दिवसांत डोंबिवलीचं बंद पडलं, तेव्हा कोलशेतहून परत आलं. असं ते येत-जात राहिलं. आईचे विरजणाचे नियम होते. भांडं खरवडून पुसायचं नाही, तळाशी चमचाभर ठेवायचंच. दूध करंगळी बुडवून पाहायचं, चटका बसला नाही आणि गारही लागलं नाही म्हणजे बरोबर. आणि दिवेलागणीनंतर विरजण घराबाहेर द्यायचं नाही, कोणी कितीही गळ घातली तरी. आई गेल्यावर एकदा मी ताईला विचारलं होतं, की यात आईच्या वेळचं काही उरलं असेल का. ती हसली नाही. तिने नीट विचार केला. "दह्यातल्या जिवाणूंचीही जुनी पट्टी मोडत नाही रे," ती म्हणाली. "ती प्रत्येक वेळी एका लेकीकडे जाते. एकीतून दुसरीत, दुसरीतून तिसरीत. आईच्या वेळची पट्टी कुठल्यातरी एकीत असायला हरकत नाही. पण एका रात्रीत इतक्या होतात, त्यात शोधणार कुठे?" मग थोडं थांबून म्हणाली, "बहुतेक आपण खाल्लीय."

विरजण या शब्दावरून आमचा एक जुना वाद होता. आनंदावर विरजण पडलं, असं आपण म्हणतो. मी ते प्रुफात बिनदिक्कत जाऊ द्यायचो. ताईला ते पटायचं नाही. "दुधात विरजण पडलं तर दही होतं. दूध वाया जातं का? तुम्ही भाषावाले लोक कधी स्वयंपाकघरात जाता की नाही?" मी म्हणायचो, ताई, भाषा अशी तर्काने चालत नाही. ती म्हणायची, मग चुकीची चालते.

तिच्या आजाराची सुरुवात अगदीच साधी होती. हिरड्यांतून रक्त यायचं, हातापायांवर निळे डाग उठायचे, आणि कुठे आपटलं ते तिला आठवायचं नाही. रक्ताचा कर्करोग निघाला. घोडबंदर रोडवरच्या एका हॉस्पिटलात दाखल केलं. मी गेलो तेव्हा ती उशीला टेकून बसली होती आणि मला पाहून म्हणाली, "कुलपासमोर बत्ता उभा राहिला रे, दिनू." मी विचारलं, तपासणारं कोणी नसतं का? कारण तिनेच मला कधीतरी सांगितलं होतं, की पेशीतही एक मुद्रितशोधक असतो, मागे वळून वाचतो, चुकलेलं अक्षर काढून टाकतो. "असतो ना," ती म्हणाली. "तुझ्यापेक्षा बरा आहे. पण एवढं लिहायचं म्हटल्यावर एखादी चूक सुटतेच. आणि माझी सुटली ती नेमकी अशी, की ती पेशी थांबायचंच विसरली. नुसती लिहीत सुटलीय, लिहीत सुटलीय..."

औषध कसं चालतं तेही तिनेच मला समजावलं, भावोजींना नाही. त्यांना ते ऐकवत नसे. काही औषधं म्हणजे खोट्या किल्ल्या. पेशी लिहायला बसली की तिच्या हातात खरी किल्ली म्हणून ती खोटी द्यायची. ती कुलपात अडकते आणि पुढचं लिहिणं थांबतं. "पण औषधाला आपलं-परकं कळत नाही. जी कोणी लिहायला बसलेली सापडेल तिच्या हातात देतं. केसांच्या मुळाशी लिहिणं चालू असतं, तोंडात चालू असतं, आतड्यात चालू असतं." म्हणून केस गेले, तोंड सोलून निघालं, पाणी गिळवेना. शिक्षिका होती म्हणून तिला प्रत्येक वेदनेचं कारण ठाऊक होतं. त्याने वेदना कमी झाली का, हे मी तिला कधी विचारलं नाही. आता वाटतं, झाली नसावी.

मग डॉक्टर म्हणाले, रक्त तयार करणाऱ्या मूळ पेशीच बदलाव्या लागतील. भावंडाच्या असल्या तर उत्तम. माझ्या जुळल्या. आयुष्यात माझं कोणाशी इतकं जुळलं नव्हतं. काही दिवस इंजेक्शनं घ्यायची, त्याने हाडांमधल्या पेशी रक्तात उतरतात. कंबर आणि छातीचं हाड ठणकायचं, पण ते ठणकणं मला बरं वाटायचं, आतमध्ये काहीतरी तिच्यासाठी चाललं आहे असं वाटायचं. मग एका हातातून रक्त यंत्रात, दुसऱ्या हातातून परत. सकाळी सुरू झालेलं ते काम लांबत गेलं. फिक्या लाल रंगाची एक पिशवी भरली. ती पिशवी तपासून, वर आणून ताईला लावेपर्यंत खाली घोडबंदर रोडवर गाड्यांचे दिवे लागले होते.

काचेच्या अलीकडे मी, पलीकडे ताई, आणि मधे बोलायला फोन. थेंब थेंब आत जात होते. नर्स नळी ठीक करत होती. ताईने मास्कमधूनच खिडकीकडे पाहिलं आणि म्हणाली, "आई असती तर ओरडली असती बघ. दिवेलागणीनंतर विरजण देतात का कोणी?" मी हसलो. नर्स केरळची होती, तिला काही कळलं नाही, तरी आम्ही हसतोय म्हणून तीही हसली. इतकंच झालं. तेवढ्यावर कोणी लक्षही दिलं नसतं.

ते लागलं. बरेच दिवस रोज सकाळी रक्त तपासायचे आणि पांढऱ्या पेशींचा आकडा जवळजवळ शून्य असायचा, आणि एक दिवस तो हलला. ताईचा फोन आला, "दिनू, लागलं." दह्याबद्दल सांगावं तसं. काही महिन्यांनी तिचा रक्तगट बदलून माझा झाला. तपासणीत तिच्या रक्तातल्या सगळ्या पेशी पुरुषाच्या निघाल्या. "रक्तापुरती मी आता बाप्या," ती भावोजींना म्हणाली. "जपून राहा." भावोजी कधी नव्हे ते मोठ्याने हसले. मला म्हणायची, "तुझं रक्त आल्यापासून मला काही बोलावंसंच वाटत नाही. दिवसभर कोपऱ्यात बसून वाचावंसं वाटतं." ती घरी आली, पण कच्चं काही खायचं नाही, बाहेरचं नाही, दही-ताकही नाही. जिवंत काहीच तिच्या पोटात जायला नको होतं. कोलशेतच्या स्वयंपाकघरातलं विरजण भावोजींनी आधीच फेकून दिलं होतं. "तुझ्याकडचं सांभाळ," ताई म्हणाली. "मला परवानगी मिळाली की पहिला दहीभात तुझ्याकडचा." मी सांभाळलं. मी एकटा माणूस, मला रोज दही लागत नाही, पण रोज लावलं.

पुढच्या तपासणीत तिच्या रक्तातल्या माझ्या पेशी कमी झालेल्या दिसल्या. थोड्याच. मग त्याच्या पुढच्या वेळी आणखी. औषधांच्या माऱ्यात तिच्या जुन्या पेशींपैकी एखादी कुठेतरी दबा धरून राहिली असणार, आणि ती पुन्हा लिहायला बसली होती. त्या संध्याकाळी भावोजींचा फोन आला. "सगळ्यावर विरजण पडलं, दिनकर," ते म्हणाले. त्यांना बिचाऱ्यांना त्या शब्दाचं काही माहीत नव्हतं. मी फोन ठेवला आणि कितीतरी वेळ ओट्यावरच्या झाकलेल्या भांड्याकडे बघत राहिलो.

ताई मला म्हणाली, "तुझं कमी होतंय आणि माझं वाढतंय. माझंच परत येतंय रे." आपलं माणूस आपल्याकडे परत येण्याची आपण वाट पाहतो. तिच्या बाबतीत तिचं स्वतःचं परत येणं हाच अंत होता, आणि हे तिला आमच्या सगळ्यांपेक्षा स्वच्छ कळत होतं.

माझ्या मनात तेव्हा एक गोष्ट शिरली, ती अजून निघालेली नाही. मी पूजा करत नाही, मुहूर्त पाहत नाही. पण एकदा तिच्याजवळ बसलेलो असताना माझ्या तोंडून निघून गेलं, "त्या दिवशी दिवे लागले होते, ताई." तिला समजायला क्षणभर वेळ लागला. मग ती इतकी चिडली, की तिला धाप लागली. "एवढी वर्षं शिकवलं ते यासाठी? माझ्याच घरात हे?" मी तिची उशी उंच केली. धाप बसल्यावर तीच बोलली, आवाज खाली आणून. "वेळ चुकली नाही दिनू. अक्षर चुकलं. त्यात कोणाचा दोष नसतो. एवढं लिहायचं म्हटलं की चुकणारच, तुला माहितीय." मला माहीत होतं. तिला वाटलं, दोष कोणाचाच नाही हे ऐकून मला बरं वाटेल. पण मला दोष हवा होता. आईचा नियम मोडला म्हणून झालं असतं, तर निदान तो नियम खरा ठरला असता, आणि पुढे कोणीतरी तो पाळला असता. कोणाचंच काही चुकलं नाही, सगळं जसं चालतं तसंच चाललं, आणि तरी ती मेली... याला धरायला जागाच नाही.

शेवटच्या आठवड्यात डॉक्टरांनी भावोजींना बाहेर बोलावून सांगितलं, "आता त्यांना आवडेल ते खाऊ द्या." इतके महिने ज्या परवानगीची आम्ही वाट पाहत होतो, ती अशी मिळाली. ताईनेच फोन केला. आवाज ओळखू येत नव्हता. "मिळाली परवानगी," ती म्हणाली. मग थांबून, "तळचं घट्ट आण हं."

तिला तळचं घट्ट आवडायचं, लहानपणापासून. आई तिला ते कधी पुरतं देत नसे, विरजणाला ठेवायचं म्हणून. त्या दिवशी सकाळी मी भांडं कलतं केलं, वरचं पाणी काढलं, आणि चमच्याने तळापासून सगळं खरवडून डब्यात घातलं. भांडं पुसल्यासारखं निघालं. मला वाटलं, संध्याकाळी डब्यात थोडं उरेलच, तेच परत आणून लावू. तिला आता कितीसं जाणार होतं...

हॉस्पिटलात पोचलो तेव्हा भावोजी खाली बाकावर बसले होते. त्यांनी माझ्या हातातली पिशवी घेतली आणि तिचं काय करायचं ते न कळून मांडीवर ठेवली, मी ठेवली होती तशीच. "सकाळी विचारत होती," ते म्हणाले, "दिनू निघाला का." पुढे सगळं झटपट झालं. विद्युतदाहिनीचं दार बंद झालं तेव्हा माझ्या डोक्यात दुःखाचा विचार नव्हता. मी विचार करत होतो, की तिच्या रक्तात माझ्या पेशी थोड्या तरी शिल्लक असतील. त्याही आता जात आहेत. त्यांनी शेवटपर्यंत काम केलं असेल का? तिच्या हाडांत, त्या गर्दीत, खलासमोर बत्ता, कुलपासमोर किल्ली, नेमाने मांडत राहिल्या असतील का... आणि त्या माझ्याच होत्या, तरी मला काहीच जाणवत नव्हतं. त्या दिल्या तेव्हा डॉक्टर म्हणाले होते, काळजी करू नका, तुमच्या शरीरात थोड्याच दिवसांत तेवढ्याच तयार होतील. झाल्या. माझं कुठे काही कमी झालं नाही. मी जेवतो, जिना चढतो, कुठे कापलं तर जखम भरून येते. माझ्या आतलं लिहिणं एक क्षण थांबलेलं नाही. त्याला काही कळवलंच गेलेलं नाही.

दिवसकार्य झाल्यावर मी परत निघालो तेव्हा भावोजींनी माझा डबा आणून दिला. शेजारच्या बायकांनी भांडी आवरताना तोही घासला होता. लख्ख घासला होता, उन्हात वाळवला होता. ताईने कधी कोणाचा डबा रिकामा परत केला नाही. काही नसलं तर चार चमचे साखर घालून द्यायची. भावोजींना हे ठाऊक असण्याचं कारण नव्हतं, आणि सुतकाच्या घरातून साखर देतही नाहीत. मी डबा उघडून पाहिला. दोन्ही कप्प्यांत माझा चेहरा दिसत होता. "काही राहिलं का?" भावोजींनी विचारलं. मी म्हणालो, नाही, काही नाही राहिलं.

विरजण काय, कुठेही मिळतं. खालच्या डेअरीत पिशवीतलं दही मिळतं, शेजारच्या जोशी वहिनी वाटीभर देतील. ताईच म्हणाली असती, अरे, जिवाणू ते जिवाणू, त्यांना घराणं नसतं. तिचं बरोबर असतं. पण मी आणलेलं नाही.

संध्याकाळ झाली की सवयीने दूध तापवतो. ते निवत ठेवतो. थोड्या वेळाने करंगळी बुडवून पाहतो. चटका बसत नाही, गारही लागत नाही, अगदी बरोबर असतं. मग त्यावर झाकण ठेवतो. सकाळी झाकण काढतो, तेव्हा ते दूधच असतं.